दाराआडचा किल्लेकोट

मामंजी,

तुम्ही गेल्यावर मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणायला लागले. सासऱ्यापुढं उभं राहायचं नाही, पदर पुढं ओढल्याशिवाय बैठकीच्या दाराशी यायचं नाही, काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं आणि सासूनं ते सासऱ्याला सांगायचं, हा आपल्या घरचा रिवाज. साताऱ्याहून लग्न होऊन मी या सोलापुरात आले तेव्हापासून तो पाळला. त्यामुळं तुमच्याबद्दल मी उदंड बोलले आणि तुमच्याशी फक्त एकदा, तेही तोंडातून निसटलं म्हणून. एरवी माझं प्रत्येक वाक्य 'मामंजींना म्हणावं' इथूनच सुरू व्हायचं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, उंबऱ्यावर ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या. त्या मान न वळवता बाहेर सांगायच्या, "ती म्हनती..." तुम्ही त्यांना उत्तर द्यायचा, आणि ते मला आधीच ऐकू आलेलं असलं तरी त्या पुन्हा मला सांगायच्या. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तुम्ही आणि मध्ये टपालखातं. त्या वेळी कुणाला हसू येत नसे. आता मला येतं, आणि हसता हसता डोळे भरतात.

तेरावा होऊन गेला. पाहुणे आपापल्या गावी गेले. बैठकीतली तुमची गादी अजून कुणी उचललेली नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर आपला पट तसाच मांडलेला आहे, मांजरानं तोंड घालू नये म्हणून वर टोपली पालथी घातलीय. डाव अर्धा आहे आणि चाल माझी आहे. ती मी अजून केलेली नाही. रोज चूल पेटवताना त्या टोपलीकडे बघते आणि तुमच्याशी भांडते. आपलं इतक्या वर्षांचं भांडण मिटलं की नाही, हेच मला कळेनासं झालंय.

भांडण किल्ल्याचं, आणि ते सुरू झालं तीस सालच्या मार्शल लॉच्या दिवसांत. गिरण्या बंद होत्या, पेठेत शुकशुकाट होता, आणि दिवस मावळला की रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती. तुमचे जोडीदार शिवाप्पा समोरच्याच घरात राहायचे. सुताचा व्यापार, घरात कानडी, तुमच्याशी मराठी. रोज दिवेलागणीला ते बुद्धिबळ खेळायला यायचे. गल्ली ओलांडायची ती काय, चार ढांगा. पण त्या दिवसांत तेवढंही जमेना. तुम्ही दोघं आपापल्या दारात उभे राहून एकमेकांकडं बघायचा, शिवाप्पा कानडीत काहीतरी पुटपुटून आत जायचे, आणि मग तुम्ही पट मांडून एकटेच दोन्हीकडून खेळायला बसायचा. तांबडी मोहरी तुमची, हिरवी शिवाप्पांची. हिरव्यांच्या बाजूनं तुम्ही इतकं वाईट खेळायचा की शिवाप्पांवर काही राग होता की काय कोण जाणे.

एकदा मी चहा घेऊन दाराशी आले आणि फटीतून पट दिसला. हिरव्यांचा उंट आयता मरणार होता. मला माझ्या दादानं माहेरी बुद्धिबळ शिकवलेलं. पुण्याला कॉलेजात जाऊन तो विलायती पद्धतीचा खेळ शिकून आला होता, आणि सुट्टीत घरी खेळायला कुणी नाही म्हणून त्यानं मला बसवलं. लग्नानंतर मी पटाला हातसुद्धा लावला नव्हता. पण तो उंट मरताना मला बघवेना. मी आत्याबाईंच्या कानाशी म्हटलं, मामंजींना म्हणावं, हिरवा उंट माघारी घ्यावा.

"ती म्हनती, हिरवा हुंट माघारी घ्या," आत्याबाई म्हणाल्या. आपण काय बोललो हे त्यांना अजिबात कळलं नव्हतं.

तुमचा हात पटावर तसाच राहिला. मला वाटलं, आता घरात काहीतरी होणार. पण तुम्ही उंट मागं घेतला आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही पट फिरवून मांडलेला. तांबडी तुमच्याकडं आणि हिरवी मोहरी स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून बसलेली. तुम्ही मला ये म्हणाला नाही, खेळ म्हणाला नाही. हिरवी मोहरी दाराकडं वळवलीत आणि वाट बघत बसलात. त्यानंतर माणसांनी मला पुष्कळदा प्रेमानं बोलावलंय, पण तसं कुणी बोलावलं नाही.

दाराआडून पट नीट दिसायचा नाही. म्हणून मी एका पाटाच्या उलट्या बाजूला कोळशानं घरं आखली आणि चुलीशेजारी स्वतःचा पट केला. राजाला सुपारी, वजिराला हळकुंड, हत्तीला खारीक, उंटाला वेलदोडा, घोड्याला जायफळाचा तुकडा, तुमच्यांना वरून कुंकवाचं बोट. माझी प्यादी चिंचोक्यांची, तुमची हरभऱ्याची. तुम्ही बाहेर चाल केली की आत्याबाई सांगायच्या, मी पाटावर हरभरा सरकवायची, माझी चाल सांगायची, आणि तुम्ही बाहेर माझं हिरवं मोहरं माझ्यासाठी सरकवायचा. माझी सगळी फौज तुमच्या हातात होती. पण तुम्ही कधी माझं एक प्यादंसुद्धा भलत्या घरात ठेवलं नाहीत.

आणि पहिल्याच आठवड्यात मी निरोप पाठवला, मामंजींना म्हणावं, किल्लेकोट.

"ती म्हनती, किल्लेकोट."

"म्हंजे?"

ती सगळी संध्याकाळ 'म्हंजे?' मध्येच गेली. राजा दोन घरं बाजूला सरकतो, आणि कोपऱ्यातला हत्ती त्याच्यावरून येऊन पलीकडं उभा राहतो, मग राजा किल्ल्यात सुखरूप बसतो, एवढं साधं. पण ते आत्याबाईंच्या तोंडून जाता जाता हत्ती राजावर बसला, मग राजा हत्तीवर बसला, आणि शेवटी त्या वैतागून म्हणाल्या की आता दोघांनी जेवायला बसावं. कळल्यावर तुम्ही हसलात. तुम्ही कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघालेले. एका चालीत दोन मोहरी हलवायची म्हणजे एका अर्जावर दोन सह्या, हे तुमच्या हिशेबात बसेना. आणि त्याहून मोठी हरकत तुम्ही नंतर सांगितलीत. कचेरीत तुम्ही अगदी साफ भाषा बोलायचा म्हणे, पण घरात तुमची बार्शीकडच्या खेड्यातली बोली कधी सुटली नाही.

"आमच्या खेळात राजा लपत न्हाय. लई झालं तर जल्मात एकदा घोड्यासारखी उडी मारतो आन् मोकळ्यावर उबा ऱ्हातो."

देशी खेळाचा हा नियम मला ठाऊक नव्हता. राजाला शह बसायच्या आधी एकदाच घोड्याची अडीच घरं चालायची मुभा. मी आतून कळवलं की राजा वाचला तर राज्य वाचतं. तुम्ही म्हणालात, लपून वाचलेला राजा राज्य कसलं करतो. यावर आपण कितीतरी दिवस खेळायचं सोडून भांडलो. शेवटी तुम्हीच तोड काढलीत. सूनबाईनं आपला राजा किल्ल्यात ठेवावा, आम्ही आमचा घोड्यावर ठेवू. एकाच पटावर दोन कायदे. शिवाप्पांना हे नंतर कळलं तेव्हा ते म्हणाले की असा खेळ अख्ख्या मुंबई इलाख्यात कुठं नसेल. खरंच नसेल.

दादानं एकदा मला विलायती मोहऱ्यांची पेटी पाठवली. त्यात हत्तीच नव्हता, त्याच्या जागी बुरुजासारखं मोहरं. ते तुमच्याकडं बाहेर पाठवून मी कळवलं, विलायतेत याला किल्लाच म्हणतात. तुम्ही ते बोटांत धरून फिरवलंत आणि म्हणालात, "किल्ला चालतो व्हय कुटं? चालतो त्यो हत्ती." आणि पेटी परत आत आली. यात तुमचं काय चुकलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हा मी इतकी चिडले होते की त्या दिवशीची भाजी तुम्हाला खारट लागली असेल तर ती मुद्दाम होती.

किल्ल्यावरून तुम्ही मला चिडवायची संधी सोडली नाही. सणावाराला आपण सिद्धेश्वराला जायचो. पुढं तुम्ही, मागं आत्याबाई, त्यांच्या मागं मी. तळ्याकाठून भुईकोट दिसायला लागला की तुम्ही चालता चालता मोठ्या आवाजात आत्याबाईंना शिकवायला लागायचा. डोंगरावर असला तर गड म्हणायचा, सपाटीला असला तर कोट, पाटलाचा असला तर ती गढी आणि पाण्यात असला तर जंजिरा. आत्याबाई म्हणायच्या, "मला कशाला सांगताय? मला काय बांदायचाय?" त्यांना सांगायचं नव्हतंच ते. मीही कमी नव्हते. साताऱ्याची मी, घराच्या अंगणातून मान वर केली की किल्ला दिसायचा. मी कळवलं, आमच्याकडं किल्ल्यावर चढावं लागतं, इथं नुसतं आत शिरायचं.

तुम्ही पुढं चालत राहिलात. मला वाटलं, जिंकले. पण तुमचं उत्तर तीन-चार दिवसांनी आलं, डाव अगदी रंगात असताना, मध्येच. "तिला म्हनावं, गडाला डोंगर उचलून धरतो. कोटाला कोन न्हाय. त्यो आपल्या भिंतीवर उबा ऱ्हातो." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढं घरात एकेक दिवस आले, तेव्हा ते वाक्य मला पुरवून पुरवून वापरावं लागलं.

दिवाळीत तुमची नात अंगणात मातीचा किल्ला करायची, तेव्हाही हेच. तुम्ही ओट्यावरून सांगायचा, सपाट कर, भोवतीनं चर खण, त्यात पाणी सोड. मी आतून सांगायची, उंच कर, दगड रच. पोर दोघांच्या मध्ये उभी. तिनं एका बाजूला डोंगर केला आणि दुसऱ्या बाजूला खंदक, आणि मध्ये हिरवळीला मोहरी पेरली. शेजारची पोरं हसली. तिला काही वाटलं नाही, तिला वाटायचं किल्ला असाच असतो.

सुपारीचं तर तुम्हाला आठवत असेलच. सत्यनारायण होता. भटजींनी गणपतीसाठी सुपारी मागितली, आत्याबाई आत आल्या, त्यांना डबा सापडेना, आणि चुलीजवळ पाटावर आयती एक सुपारी दिसली. ती घेऊन त्या गेल्या. मी ओलेत्यानं आले तर माझा राजा नाही. चिंचोके जागेवर, हळकुंड जागेवर, आणि राजाचं घर रिकामं. तोवर बाहेर राजाला गंध लागलं होतं, अक्षता पडल्या होत्या, त्याची प्राणप्रतिष्ठा झाली होती. पूजा उरकल्यावर मी कळवलं, मामंजींना म्हणावं, माझा राजा देवघरात बसलाय.

तुम्ही इतके हसलात की भटजी दचकले. "झाला की मग हिचा किल्लेकोट. देवाच्या पाठीमागं. आता कोन शह देतंय?" आत्याबाईंचं मात्र तोंड पांढरं पडलं होतं. खेळातली सुपारी पूजेला वापरली, आणि आता देव झालेली सुपारी पुन्हा खेळात घ्यायची नाही, दोन्हीकडून पाप. तुम्ही त्यांना सांगितलंत की राजा देव झाला, बरंच झालं, आपण नवा गादीवर बसवू. आणि स्वतःच्या पानाच्या डब्यातली सुपारी आत पाठवलीत. ती अजून माझ्याकडं आहे. कुणाच्या पूजेला दिलेली नाही.

तुमच्यावर राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. मार्शल लॉ उठला, शिवाप्पा पुन्हा यायला लागले. दिवेलागणीला त्यांच्याबरोबर, दुपारी चुलीच्या सवडीनं माझ्याबरोबर, असं तुम्ही ठरवून घेतलंत. एकदा शिवाप्पांना तुम्ही सांगत होता, "आमच्या घरात एक हाय खेळनारं. तुमाला बसू देनार न्हाय." खेळणारं! माणूस म्हणायला काय झालं होतं, मामंजी? सून म्हणायला काय झालं होतं? मांजर खेळल्यासारखं खेळणारं. मी दोन दिवस निरोप बंद ठेवले. तुम्ही दोन दिवस पट मांडून बसलात, हिरवी मोहरी दाराकडं वळवून. तिसऱ्या दिवशी मीच हरले, आणि पहिलं प्यादं पुढं केलं.

आणि माझी आई गेली तेव्हाचं. साताऱ्याहून मी परत आले ती कोणाशी बोलेना. भाकऱ्या थापायची, धुणं धुवायची, आणि भिंतीकडं बघत बसायची. तुमचे चिरंजीव गिरणीतून येऊन मला समजावायचे, आत्याबाई पाठीवरून हात फिरवायच्या, शेजारणी येऊन आपापली दुःखं सांगायच्या. तुम्ही तर समोरही येऊ शकत नव्हता. मग एका दुपारी बाहेरून मोहरी मांडल्याचा आवाज आला आणि तुम्ही आत्याबाईंना म्हणालात:

"तिला म्हनावं, आजपासनं मी बिनवजिराचा खेळतो. तिचं मानूस गेलंय, मग माज्याकडं समदं भरलेलं कसं चालंल?"

आत्याबाईंना हा निरोप पुरता सांगता आला नाही. मी पाट घेतला, चिंचोके लावले, आणि तुमच्या बाजूचं हळकुंड उचलून डब्यात टाकलं. वर्षश्राद्धापर्यंत तुम्ही वजिराशिवाय खेळलात, बहुतेक डाव हरलात आणि एकदाही कुरकुरला नाही. माझ्या आईचं सुतक तुम्ही असं पाळलंत, आणि मी त्याबद्दल तुम्हाला एक शब्द बोलले नाही. 'मामंजींना म्हणावं' म्हणून सांगण्यासारखं ते नव्हतं. आज सांगते. माझ्या माहेरच्या माणसांनीसुद्धा माझं दुःख तुमच्याएवढं ओळखलं नाही.

मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलायचा. आधी उंट आणि घोडा यांत घोटाळा व्हायला लागला, मग पट नुसताच चौकोन दिसायला लागला. शिवाप्पा काही दिवस तुमची मोहरी हलवायचे, पण त्यांना स्वतःचीच चाल सुचेना. एका दुपारी तुम्ही आत्याबाईंना म्हणालात, हा पट आत न्या, आजपासून दोन्ही बाजूंची मोहरी सूनबाईच हलवील.

"आन् तिनं लबाडी केली तर?" आत्याबाईंनी विचारलं.

"राजा लपवती ती. लबाडी न्हाय करत."

असा पट स्वयंपाकघरात आला. खरी लाकडी मोहरी, तुमच्या बोटांनी गुळगुळीत झालेली, माझ्या चुलीशेजारी. मी पाटावरची सुपारी आणि चिंचोके डब्यात भरून ठेवले. आता तुम्ही भिंतीपलीकडून डोक्यात डाव धरून चाली सांगायचा आणि मी इकडं तुमचे तांबडे शिपाई सरकवायची. इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी जे केलंत तेच. तुम्ही मला बाहेर बोलावलं नाहीत, पण तुमचा पट आत पाठवलात. याचा अर्थ काय लावायचा? काही रात्री मी त्यावर समाधानानं झोपायची आणि काही वेळा वाटायचं, एवढं केलंत, मग एक हाक मारायला काय जात होतं?

गेल्या महिन्यात ताप सुरू झाला, आणि तुमची खाट मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून आणली. ताप उतरला की तुम्ही डाव मागायचा. त्या दुपारी आत्याबाई उंबऱ्यावर सुपात तूर घेऊन बसल्या होत्या. तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. तुम्ही म्हणालात:

"माजा राजा पार कोपऱ्यात घाला. आन् हत्ती त्याला खेटून."

मला आधी वाटलं, तापात बोलताय. तुमचा राजा, ज्यानं इतक्या वर्षांत एकदाही भिंतीचा आसरा घेतला नाही, तो. आणि माझ्या तोंडातून सरळ निघालं, "मामंजी, तुम्ही किल्लेकोट करताय?"

आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं. मी पदर तोंडाशी धरला. पलीकडं खाट करकरली. मग तुम्ही म्हणालात, "ऐकू आलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणालात, "व्हय. बगू तरी आत कसं वाटतंय."

मी पुन्हा रिवाजात शिरले, आत्याबाईंकडून कळवलं की विलायती नियमानं राजा कोपऱ्याच्या एक घर अलीकडं थांबतो. तुम्ही म्हणालात, किल्ला माझा आहे, मी बांधीन तसा. मग दमलात. बाकीचं उद्या, म्हणालात. त्यानंतर तुमचा ताप उतरला नाही, आणि तुम्ही डाव मागितला नाही.

त्या दोन शब्दांवर मी हे दिवस काढले. ऐकू आलं. रागाचे नव्हते ते. मला तर वाटतं तुम्ही हसला असाल, पण भिंत मध्ये होती, मला दिसलं नाही.

दिवस झाल्यावर मी टोपली उचलून पट नीट बघितला, आणि बघतच राहिले. तुमचा राजा कोपऱ्यात. शेजारी तुमचाच हत्ती. पुढं तुमचीच दोन प्यादी. चारी बाजूंनी आपल्याच माणसांनी बंद. आणि माझा घोडा एका उडीच्या अंतरावर. किल्ल्याच्या भिंती हत्तीला अडवतात, उंटाला अडवतात, वजिराला अडवतात. घोडा वरून उडी मारून येतो, आणि आतल्या राजाला पळायला एक घर नसतं. त्याच्या जागी मोकळ्यावर उभा असलेला राजा सहज निसटला असता.

आता सांगा, मामंजी, हे काय होतं? मला जिंकू दिलंत? माझा किल्ला एकदा तरी वापरून माझं मन राखलंत? की जाता जाता दाखवून दिलंत की बघ, किल्ल्यात राजा सुखरूप असतो आणि तिथंच कोंडूनही मरतो? तुम्ही डोक्यात पट धरून खेळणारे. तो घोडा तुम्हाला दिसला नसेल, यावर माझा विश्वास नाही. आणि डोळे गेलेलं, तापानं फणफणलेलं माणूस, नसेलही दिसला. उत्तर द्यायला तुम्ही नाही. मी रोज एक उत्तर धरते आणि दुसऱ्या दिवशी सोडते.

इथवर आज सकाळी चुलीपुढं तुम्हाला सांगत होते, आणि दुपारी आत्याबाई नेहमीसारख्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. पांढऱ्या कपाळाच्या त्यांच्याकडं बघायला मला अजून धीर होत नाही. ज्वारीत हात फिरवत त्यांनी विचारलं, "डाव तसाच ऱ्हायला व्हय ग?" मी हो म्हटलं. "कुनाची चाल?" माझी, म्हटलं. "मग सांग की."

मी टोपली काढली. घोडा उचलला, अडीच घरं नेला आणि ठेवला. मात म्हणायला जीभ वळली नाही. सवयीनं म्हणाले, मामंजींना म्हणावं, शह आहे.

आणि आत्याबाईंनी मान बाहेर वळवली, रोजच्यासारखी, मोकळ्या खाटेकडं, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलं का? ती म्हनती, शह हाय."

मग त्यांचा हात ज्वारीत तसाच राहिला. बाहेर गल्लीतून सुताची गाडी गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि उंबऱ्यावरून अंग सरकवून मला वाट करून दिली. म्हणाल्या, "माज्यानं आता निरोप व्हनार न्हाय. तूच जा बाहीर. सांग त्यास्नी."

मी पट दोन्ही हातांनी उचलला, एकही मोहरं हलणार नाही असा. उंबरा ओलांडून मधल्या खोलीतून बैठकीत आले. तुमच्या गादीसमोर पट ठेवला आणि बसले. तांबडी मोहरी तुमच्याकडं वळवली, हिरवी माझ्याकडं ठेवली. पदर डोक्यावर होता, तो पुढं ओढला नाही.

मामंजी, शह आहे तुम्हाला.